तिसरं रीडिंग

‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.’ हे वाक्य मी तीन महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की आजही कुणी व्यासपीठावरून ते म्हणायला लागलं की मी उठून बाहेर जातो. शेजारच्याला सांगतो, जरा चहा घेऊन येतो. चहाबिहा काही नसतो. मला राग येतो, आणि केस पांढरे झाले तरी तो कमी झालेला नाही. बरीच वर्षं मला वाटायचं की राग त्या वाक्याचा आहे. तसं नाही. राग माझा माझ्यावरच आहे, पण तो एवढा आहे की एकट्याला पेलवत नाही, म्हणून थोडा इतरांनाही वाटून देतो.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. घर साताऱ्याला. शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं, आणि कराडच्या स्टँडवर तोंड धुवायचं. दरवर्षी आमच्याकडून पन्नास-साठ पोरं बी.एस्सी. होऊन बाहेर पडायची. त्यातली काही बी.एड.ला जायची, काही औषधांच्या बॅगा घेऊन डॉक्टरांच्या दारात उभी राहायची, आणि उरलेली दोन वर्षांनी रस्त्यात भेटली की नजर चुकवायची. त्यांना काय काम येतं, असं कुणी विचारलं असतं तर आम्हा प्राध्यापकांनाही सांगता आलं नसतं.

हे वर कुठंतरी कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. कारण एक योजना आली. विज्ञानाच्या पदवीधरांना उद्योजकतेची कौशल्यं शिकवायची, म्हणजे ते आपल्या पायावर उभे राहतील. साताऱ्याची एक संस्था ती चालवणार होती आणि सांगलीचं केंद्र आमच्या कॉलेजात होतं. केंद्रप्रमुख मी. “तुम्ही तरुण आहात,” प्राचार्य म्हणाले. आमच्या कॉलेजात तरुण म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस.

साताऱ्याहून एक प्रशिक्षक येऊ लागले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, आवाज असा की माइक नसला तरी चाललं असतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पोरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि लाकडी ठोकळ्यांचे मनोरे रचायला लावले. दुसऱ्या आठवड्यात खिळ्यावर रिंगा फेकायला लावल्या. कोण जवळून फेकतो, कोण लांबून, यावरून कुणात उद्योजक दडलाय ते म्हणे कळतं. हस्तांदोलन कसं करायचं, डोळ्यात डोळे घालून कसं बोलायचं, हे शिकवलं. आणि एक नियम घातला. जो कुणी पुढं येऊन माइकवर बोलेल, तो काय वाटेल ते बोलो, त्याला सगळ्यांनी तीन टाळ्या द्यायच्या. एका तालात. टप, टप, टप. त्यानं म्हणे आत्मविश्वास वाढतो. महिन्याभरात पोरं इतकी तयार झाली की शिपाई माइक चालतोय का बघायला ‘हॅलो’ म्हणाला तरी तीन टाळ्या पडायच्या.

मग प्रकल्प अहवाल. प्रत्येकानं आपला धंदा ठरवायचा आणि त्याचा अहवाल लिहायचा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं फिनाईलचा एक तयार अहवाल होता. पोरांनी नाव बदलून तोच आणून दिला. अर्ध्या वर्गाला फिनाईलचा कारखाना काढायचा होता. ते सगळे कारखाने निघाले असते तर सांगली-मिरज दोन्ही गावं वर्षभर धुवून निघाली असती. प्रशिक्षकांनी सगळ्यांना ‘उत्तम’ असा शेरा दिला. त्यांनी एकही वाचला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो, कारण गठ्ठ्याची सुतळी मीच बांधली होती आणि ती तशीच परत आली.

एकीचा अहवाल मात्र हातानं लिहिलेला होता. ही मुलगी कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावची. बौद्ध घरातली. वडील फौजेतून निवृत्त होऊन गावी कोरडवाहू शेती बघायचे. ती त्या घरातलीच नव्हे, त्यांच्या अख्ख्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. होती. माझीच विद्यार्थिनी, प्रॅक्टिकलला वर्गात पहिली. अहवाल द्यायच्या दिवशी ती पिशवीतून पाच बाटल्या पाणी आणि ठिबकच्या मूठभर प्लास्टिकच्या तोट्या घेऊन आली. आमच्याकडं तेव्हा द्राक्षाच्या बागांना ठिबक नवीन नवीन बसत होतं.

तोट्या टेबलावर ओतून ती म्हणाली, “हे बघा सर. सगळ्या तुंबल्यात. बोअरच्या पाण्यातला क्षार बसलाय. लोक म्हणत्यात कंपनीनं फसवलं. फसवलं न्हाई कुणी, पाणीच तसलं हाय. आधी पाणी तपासलं असतं तर कळलं असतं. कवठ्याच्या बाजारात एक खोली घ्यायची आन् पाणी-माती तपासून द्यायची. लय लोक येतील.”

प्रशिक्षक म्हणाले, “व्हेरी गुड. पण बेटा, यात ग्लॅमर नाही.” मग त्यांनी तिला डोळ्यात डोळे घालून बोलायचा सराव दिला. मला तेव्हाच उठून त्यांना चार शब्द सुनावायला हवे होते. मी हजेरीपटावर सह्या घेत बसलो.

पण मी एक काम केलं, आणि ते चांगलं होतं असं मला तेव्हा वाटलं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचे एक कारखानदार होते. लहानसा प्लेटिंगचा कारखाना. मोटरसायकलच्या लोखंडी भागांवर निकेलचा मुलामा चढवायचा आणि मोठ्या कारखान्यांना माल पाठवायचा. आयटीआय करून, दुसऱ्याच्या शेडमध्ये दहा वर्षं राबून माणूस मालक झाला होता. टाकीतलं द्रावण रोज तपासायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे एक हुशार मुलगी आहे. त्यांनी तिला बोलावलं, दोन प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं. वर असंही कबूल केलं की सहा महिने नीट काम केलं तर सुट्टीच्या दिवशी माझ्या लॅबचं टेबल वापर, तुझं ते पाण्याचं काम तिथं सुरू कर. म्हणजे नोकरीही झाली आणि तिच्या अहवालातल्या धंद्याला पहिली खोलीही मिळाली.

तिच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. ते स्वतः मला सांगायला कॉलेजात आले होते. ताठ माणूस, पांढरा शर्ट इस्त्रीचा. दारातूनच म्हणाले, “जय भीम, सर.” मी नमस्कार केला. मग म्हणाले, “सोयरीक आलीय, पन म्या थांबवलीया. एक वरीस देतो म्हनलं पोरीला. पायावर हुबी ऱ्हायली तर तिचं ती बघंल. न्हाईतर मग आमचं आमी बघू.” ते फौजेत होते, त्यांचं एक वर्ष म्हणजे एक वर्षच असणार हे मला कळत होतं.

आता मला आमच्या प्रयोगशाळेबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिथं शिजलं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पोरं ब्युरेटमधून एक द्रावण थेंब थेंब दुसऱ्यात सोडतात. रंग बदलला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. हे रीडिंग. एकाच द्रावणाची अशी तीन रीडिंगं घ्यायची आणि ती जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर हात चुकला, पुन्हा करा. हे शास्त्र म्हणून ठीकच आहे. पण आमच्याकडं एका बॅचला दोन तास, ब्युरेट निम्म्या गळक्या, आणि रसायन मोजून मिळायचं. पुन्हा करायला ना वेळ ना सामान. मग पोरं एकदा करायची आणि उरलेली दोन रीडिंगं मनानंच लिहायची. जरा हुशार पोरं उत्तर काय यायला हवं ते वरच्या वर्गाच्या जर्नलमधून बघायची आणि तिथून उलटं येऊन रीडिंग बसवायची. याला आमच्याकडं शब्दच होता, ‘रीडिंग दुरुस्त करणं’. परीक्षेच्या दिवशी लॅबचा शिपाई एका चहावर सगळ्या बॅचला उत्तर सांगायचा. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः साताऱ्याला शिकताना हेच केलं होतं आणि पहिला वर्ग मिळवला होता. मास्तर झाल्यावर मी एकच गोष्ट बघायचो. तीन रीडिंगं जुळली का? जुळली की सही. नाही जुळली तर जर्नल फेकून द्यायचो. खरोखर फेकायचो, लांब, दारापर्यंत. पोरं हसायची आणि मला वाटायचं की मी कडक मास्तर आहे.

तिचं जर्नलही मी एकदा फेकलं होतं. पहिल्या वर्षाला असताना. तिनं तीन वेगवेगळी रीडिंगं लिहून आणली होती. जी आली तीच. त्यानंतर तिचं कधी चुकलं नाही.

कुपवाडला तिचं काम असं होतं. सकाळी टाकीतून तीन जागचं द्रावण काढायचं, दोन टोकांचं आणि मधलं. तिन्ही तपासायची आणि रजिस्टरला आकडे लिहायचे. त्यावरून फोरमन ठरवायचा की टाकीत काय किती घालायचं. पहिले दोन महिने सगळं सुरळीत चाललं. ती सायकलनं जायची, कुणाच्या अध्यात न मध्यात, आणि मालक मला फोनवर म्हणायचे, “पोरगी लय नेटकी हाय सर.” मीही कौतुक ऐकून घ्यायचो, जणू ते माझंच होतं.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी मालकांचा फोन आला. नुसतं म्हणाले, “येऊन जावा.”

मी गेलो. ऑफिसच्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या. एक कारखान्याचं रजिस्टर, दुसरी तिची रफ वही. कोपऱ्यात दोन खोकी होती, त्यात परत आलेला माल. मोठ्या कारखान्यानं अख्खा लॉट परत पाठवला होता. एका बाजूच्या भागांवर मुलामा काळपट, जळल्यासारखा. ती दाराशी उभी होती. रडत नव्हती.

झालं होतं ते असं. टाकीत हवेचा एक पाइप असतो, द्रावण ढवळत राहावं म्हणून. तो एका टोकाला तुंबला होता. त्या टोकाचं द्रावण ढवळलंच जात नव्हतं आणि तिथलं निकेल कमी पडलं होतं. सलग चार दिवस तिला हे दिसलं होतं. रफ वहीत पहिल्या दोन जागांचे आकडे जवळजवळ सारखे होते आणि तिसरा बराच खाली. तिनं तो पुन्हा पुन्हा काढला होता, एका सकाळी तर चारदा. दर वेळी तोच आला. मग तिनं त्याच्यावर बारीक फुली मारली आणि रजिस्टरला तिसरा आकडा पहिल्या दोनांशी जुळवून लिहिला. चार दिवस तीन-तीन जुळलेले आकडे, सुबक अक्षरात.

“का केलंस गं असं?” मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

“जुळत नव्हतं सर,” ती म्हणाली. “मला वाटलं माझा हात चुकतोय. म्हणून दुरुस्त केलं.”

कॉलेजात तिन्ही रीडिंगं एकाच चंबूतल्या द्रावणाची असतात, म्हणून ती जुळायला हवीत. इथं ती तीन जागांची होती, आणि न जुळणं हीच तर बातमी होती. तिचा हात चुकत नव्हता. त्या अख्ख्या कारखान्यात त्या चार दिवसांत एकच गोष्ट बरोबर होती, ते तिचं तिसरं रीडिंग. आणि तिनं ते खोडलं, कारण तीन वर्षं मी तिला तेच शिकवलं होतं. ठोकळे रचायला शिकवलं, रिंगा फेकायला शिकवलं, माइकवर बोलायला शिकवलं. ‘जे दिसलं ते लिही आणि नाही जुळलं तर ओरडून सांग’ एवढं एक वाक्य कुणी शिकवलं नाही. त्याला ना सफारी सूट लागत होता ना योजना.

मालक वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही त्यांनी. म्हणाले, “चुकलं असतं तर म्या सांभाळून घेतलं असतं सर. माझ्याकडनं काय कमी चुका झाल्या व्हय? पन हिनं खोटं लिव्हलं. खोटं लिव्हनारं मानूस म्या टाकीजवळ ठेवू शकत न्हाई.” मग तिला बाहेर जायला सांगितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा आल्यावर माझ्याकडं वाकून, समजुतीच्या सुरात म्हणाले, “सवलतीचं शिक्षण असंच असतंय, सर. ह्यांना मार्क तसंच मिळत्यात. तुमचा काय दोष न्हाई त्यात.”

तुमचा काय दोष न्हाई! माझ्या वर्गातली वाईची, साताऱ्याची, सांगलीच्या पेठांमधली, आठ पिढ्यांची अक्षरओळख सांगणारी पोरं त्याच टेबलांवर तीच रीडिंगं तशीच दुरुस्त करत होती. मी केली होती. माझ्या मास्तरांनी केली होती. पकडली गेली ती एकटी, कारण ती एकटीच खऱ्या टाकीपर्यंत पोचली होती. आणि पकडली गेल्यावर तिच्या चुकीला तिची जात चिकटली. आमच्या चुकांना आमची कधी चिकटत नाही. हे सगळं तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चहा प्यालो. बिस्किटही खाल्लं.

चार दिवसांनी ती लॅबमध्ये आली. दुपारची बॅच संपली होती. हातात तीच रफ वही.

“सर, एक पत्र द्याल?”

“कसलं पत्र?”

“कॉलेजात असंच शिकवतात म्हणून. तीन जुळवूनच लिहायची असतात, नाहीतर सही मिळत नाही, असं. तुम्ही लिहून दिलंत तर मालकांना कळंल की मी लबाडी नाही केली, शिकवलं तसं केलं. ते म्हणालेत, सर लिहून देऊ देत, मग मी बघतो.” मग म्हणाली, “नोकरी नाही मिळाली परत तरी चालंल, सर. पण आमचे दादा म्हणतात, पोरगी खोटारडी निघाली. ते तेवढं निघायला पाहिजे.”

दादा म्हणजे तिचे वडील.

मी म्हटलं, “बघतो.”

ज्यांनी कधी सरकारी किंवा कॉलेजच्या ऑफिसात काम काढलंय त्यांना ‘बघतो’ म्हणजे काय ते सांगायला नको. पण ती माझी विद्यार्थिनी होती. तिनं मी म्हटलं तेच धरलं. बघतो म्हणजे सर बघणार.

मी पत्र लिहिलं, खोटं कशाला सांगू. चांगलं लिहिलं होतं. ‘सदर विद्यार्थिनीने केलेली नोंद ही तिच्या अप्रामाणिकपणामुळे नसून आमच्या अध्यापनातील दोषामुळे आहे’ असं त्यात होतं. ते घेऊन प्राचार्यांकडं गेलो, कारण कॉलेजचा शिक्का त्यांच्याकडं होता. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” ते म्हणाले. “कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून देताय की आमच्या प्रयोगशाळेत खोटी रीडिंगं लिहायला शिकवतात? उद्या विद्यापीठानं मान्यता काढली तर तुम्ही देणार का?” मग पत्राची घडी घालून माझ्याकडं सरकवली. “आणि पुढच्या रविवारी साताऱ्याला समारोप आहे. अहवाल द्यायचाय. रोजगार मिळालेले विद्यार्थी किती, ते आधी लिहा. सांगली केंद्रातून एक तरी हवा.”

“ती एकच होती,” मी म्हटलं. “तिची गेली.”

“मिळाली होती ना? मग मिळालेले या रकान्यात येते. गेलेले असा रकानाच नाही.”

मला नोकरीत कायम व्हायला तेव्हा आठ महिने बाकी होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगितलं पाहिजे म्हणून सांगतो. शिक्क्याशिवाय, साध्या कागदावर, माझ्या एकट्याच्या सहीनंही ते पत्र देता आलं असतं. कुपवाडच्या मालकांनी तेही मानलं असतं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं, आणि अहवालात रोजगार मिळालेल्यांच्या ओळीपुढं ‘१’ हा आकडा लिहिला.

समारोप साताऱ्याच्या एका हॉलमध्ये झाला. यशस्वी विद्यार्थ्यांना घेऊन या, असं वरून कळवलं होतं. प्राचार्यांनी तिलाही निमंत्रणाचं पत्र धाडलं होतं, माझ्या नकळत. ती वडिलांबरोबर पहाटे निघून, सांगलीत गाडी बदलून आली होती. मला पाहून तिला बरं वाटलेलं दिसलं. तिला वाटलं असणार की मी पत्र आणलंय, म्हणूनच बोलावलंय. वडील मागच्या रांगेत बसले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून.

भाषणं झाली. ते वाक्य तीनदा आलं. मग उत्कृष्ट केंद्राची ढाल सांगलीला जाहीर झाली आणि मी ती घेतली. प्रशिक्षकांनी माइकवर सांगितलं की या केंद्राची एक ग्रामीण कन्या आज कुपवाडच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि तिला पुढं बोलावलं.

ती आली. माइक तिच्या उंचीला लावला. ती डोळ्यात डोळे घालून बोलली, शिकवलं होतं तसं.

“माझं नाव यादीतनं काढा,” ती म्हणाली. “मी कामाला नाही. मला काढून टाकलंय. मी रजिस्टरला चुकीचा आकडा लिहिला होता.”

मग मागून कुणीतरी सुरुवात केली आणि अख्ख्या हॉलनं तिला तीन टाळ्या दिल्या. एका तालात. टप, टप, टप. प्रशिक्षकांनीही दिल्या. माइकवर बोललेल्याला द्यायच्या असतात म्हणून दिल्या, ती काय बोलली ते निम्म्यांनी ऐकलंही नव्हतं. ती खाली उतरली, आणि ‘ग्रामीण मुलींमधला धीटपणा’ यावर प्रशिक्षक दोन मिनिटं बोलले. मला तेव्हा ती ढाल त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. माझ्या डोक्यात घालावीशी वाटायला आणखी काही तास गेले.

ती दोघं हॉलमधून निघून गेली होती, म्हणून मी धावत स्टँडवर गेलो. सांगलीची गाडी लागायची होती. ती आधीच फलाटाच्या कठड्याला टेकून उभी होती, पाठ माझ्याकडं. वडील पुढं आले. त्यांनी माझ्या हातातल्या ढालीकडं पाहिलं, मग पिशवीकडं.

“सर, पत्र आनलंया?”

“नाही,” मी म्हटलं. “प्राचार्यांनी... शिक्का मिळाला नाही.”

ते सावकाश म्हणाले, “पोरीचं चुकलं. ते म्या तिला बोललो, लय बोललो. पन तुमी तिला कामाला हाय म्हनून लिव्हलंसा. फौजेत आमी जाग्यावर नसलेल्या जवानाला हजर धरत न्हाई, सर. धरला तर कोर्टमार्शल व्हतंय. लिव्हनाऱ्याचं.”

गाडी आली. त्यांनी तिला आधी चढवलं. चढताना ते वळून म्हणाले, “जय भीम.” या वेळी मीही जय भीम म्हणालो, पण तोवर दार लागलं होतं.

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, पण ते तिनंच नको म्हटलं असं कळलं. कवठ्याच्या बाजारात पाणी तपासायची खोली पुढं दुसऱ्याच कुणीतरी काढली आणि ती चांगली चालली. मी आठ महिन्यांनी कायम झालो.

त्या अहवालाची कार्बन प्रत माझ्याकडं अजून आहे. मिळालेल्यांच्या ओळीपुढं माझ्या अक्षरातला ‘१’ आहे, ठळक, कुठंही खाडाखोड नाही. तिनं निदान खरा आकडा रफ वहीत लिहून ठेवला होता, चारदा काढून, बारीक फुली मारून. माझ्याकडं रफ वहीसुद्धा नव्हती.